७,०४१ रुपयांचा पेपर आणि हातात आलेला भोपळा

संशोधन-पेपरचं प्रकाशन शुल्क ३,८००. डीओआयचे, म्हणजे लेखाच्या कायमच्या ऑनलाइन ओळख-क्रमांकाचे, ५००. छापील अंक आणि प्रमाणपत्राचे ६५०. या ४,९५० वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ८९१. मग ‘याच अंकात हवं असेल तर’ म्हणून आणखी १,२००. एकूण ७,०४१ रुपये, जून २०२४ मध्ये, दोन हप्त्यांत, यूपीआयने. लिहिताना कानशिलं तापतात, कारण मी इतिहास शिकवतो. कागद अस्सल की बनावट हे ओळखणं हा ज्याचा धंदा, त्यालाच बनावट कागदाने मामा बनवलं.

‘सात दिवसांत प्रकाशन, केअर लिस्टेड, स्कोपस’ असले मेसेज प्राध्यापकांच्या प्रत्येक व्हॉट्सअॅप ग्रुपवर पडतात. (केअर ही यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, मान्य जर्नल्सची यादी होती; स्कोपस ही जर्नल्सची आंतरराष्ट्रीय सूची.) ते मीही हसून डिलीट करत आलो. कोणत्याही नावापुढे ‘इंटरनॅशनल’ लावून काढलेलं बोगस जर्नल मला लांबून ओळखता येतं. हा प्रकार त्यातला नव्हता, एवढं तरी माझ्या बाजूने नोंदवून ठेवतो. हे जर्नल खरोखर अस्तित्वात आहे. मानव्यविद्यांचं, वर्षातून दोनदा निघणारं, १९८३ पासून चालू आणि तेव्हा यूजीसी-केअरच्या यादीत असलेलं. चोरांनी फक्त त्याचं नाव घातलं. याला क्लोन म्हणतात.

क्लोन करणं किती सोपं होतं ते पाहा. २०१७ मध्ये यूजीसीची मान्यताप्राप्त यादी आली, मे २०१८ मध्ये तिच्यातून ४,३०५ नावं काढावी लागली, मग २०१९ मध्ये केअर आली. या यादीत भारतीय भाषांतली आणि मानव्यविद्यांची कितीतरी जर्नल्स अशी होती, जी एखादी संस्था पदरमोड करून फक्त छापते. ना वेबसाइट, ना ऑनलाइन अंक. चोर यादीतून नाव, आयएसएसएन (नियतकालिकाचा क्रमांक) आणि प्रकाशक उचलायचा, हजारभर रुपयांत त्या नावाचं डोमेन घ्यायचा आणि जुन्या अंकाच्या मुखपृष्ठाचा फोटो टाकायचा. तुम्ही यादी उघडायचात, नाव जुळायचं, आयएसएसएन जुळायचा, तुमचं समाधान व्हायचं. यादी खोटं बोलत नसे. ती त्या वेबसाइटबद्दल काही बोलतच नसे.

आयएसएसएनवर तर भरवसाच ठेवू नका. तो आठ अंकी ओळख-क्रमांक आहे, दर्जाचा शिक्का नाही. पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय केंद्राच्या पोर्टलवर मी तो टाकला, नाव बरोबर आलं. येणारच, कारण क्रमांक चोरीचा होता, खोटा नव्हता. पाहायचं होतं ते नोंदीतलं माध्यम. ‘छापील’ एवढंच लिहिलेलं असेल आणि तुमच्यासमोर पीडीएफने भरलेली वेबसाइट असेल, तर तिथेच थांबा. ऑनलाइन आवृत्तीला वेगळा आयएसएसएन लागतो.

आता तो क्षण, ज्याची आठवण आली की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. पेपर पाठवल्यापासून ३१ तासांत स्वीकृतीपत्र आलं. समीक्षकाचा अभिप्राय पाच शब्दांचा: विषय चांगला, भाषा चांगली, स्वीकृत. मुंबईच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळींवरचा चौदा पानी निबंध, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या अभिलेखागारात दोन उन्हाळे फायली उलटून लिहिलेला, आणि एकाही तळटीपेवर प्रश्न नाही? खरा समीक्षक तळटीपेवरून तरी भांडतो. तरीही मी पैसे भरले. अनुक्रमणिका आली तेव्हा माझ्या पेपरच्या वरच्या ओळीत फ्लाय अॅश मिसळलेल्या काँक्रीटची ताकद होती आणि खाली शेअर बाजारावरचा पेपर. मानव्यविद्यांच्या सहामाहीत काँक्रीट! ती ओळ मी वाचली होती. दोनदा वाचली. आणि मनाशी म्हणालो, ‘हल्ली सगळं आंतरविद्याशाखीयच असतं.’ तेव्हा १,२०० चा दुसरा हप्ता जायचा होता.

अंकात एकूण ११८ पेपर. अंकाचा क्रमांक ‘१ (भाग ९)’. एका सहामाही अंकाचे नऊ भाग कुणी छापतं का? छापील अंकाला कागद लागतो, टपाल लागतं. भाग वाढायला लागले की गिऱ्हाइकं वाढली असं समजा.

दुसरीतल्या पोराला जमेल असा हिशेबही मी केला नाही. १९८३ साली खंड १, तर २०२४ साली खंड ४२. माझ्या पेपरवर छापलं होतं खंड १७. डोमेन कधी घेतलं हे हूइज या डोमेनच्या नोंदवहीत फुकट दिसतं; ते फेब्रुवारी २०२४ मधलं निघालं. एकेचाळीस वर्षांच्या जर्नलची वेबसाइट चार महिन्यांची.

मुखपृष्ठावर ‘इम्पॅक्ट फॅक्टर ६.३१४’ असंही होतं. मागच्या दोन वर्षांतल्या लेखांना यंदा मिळालेले संदर्भ भागिले त्या दोन वर्षांतल्या लेखांची संख्या, असा तो आकडा निघतो आणि क्लॅरिव्हेट ही कंपनी तो जाहीर करते. २०२३ पर्यंत मानव्यविद्यांच्या सूचीतल्या जर्नल्सना तो मिळतच नव्हता, आणि त्याच वर्षापासून तो एकाच दशांश स्थळापर्यंत दिला जातो. म्हणजे २०२४ मध्ये तीन दशांश स्थळं छापणारा स्वतःच्याच तोंडाने चोरी कबूल करत होता. इतिहासाला दोन वर्षांची ही खिडकीच मुळात लागू पडत नाही. आमच्याकडे चांगल्या लेखाला पहिला संदर्भ मिळायलाच चार-पाच वर्षं जातात.

कुणी म्हणेल, एवढी घाई कशाला होती? सांगतो. कॅसमध्ये, म्हणजे प्राध्यापकांच्या बढतीच्या योजनेत, प्रोफेसरपदाच्या स्थाननिश्चितीला किमान दहा पेपर लागतात, त्यातले तीन मूल्यमापन काळातले, आणि रिसर्च स्कोअर ११०. माझा एक पेपर कमी पडत होता. मानव्यविद्यांत एका पेपरला १० गुण, विज्ञानात ८. दोघे लेखक असले तर प्रत्येकाला ७० टक्के, म्हणजे सात. दलालांना हे कोष्टक आपल्यापेक्षा जास्त पाठ असतं. ‘सर, को-ऑथर टाकायचा का? नावामागे दीड हजार,’ असं मलाही विचारलं होतं. निदान तिथे नाही म्हणालो.

सगळ्या विद्यांना एकाच मापाने मोजलं की असं होतं. भौतिकशास्त्रवाले १९९१ पासून अर्काइव्ह या ऑनलाइन भांडारात लेख फुकट टाकतात, जर्नल नंतर येतं. संगणकशास्त्रात मोठ्या परिषदेतल्या निबंधाचं वजन बहुतेक जर्नलपेक्षा जास्त. गणितात लेखकांची नावं वर्णक्रमाने लागतात, तेव्हा ‘पहिला लेखक’ या शब्दाला तिथे अर्थच नाही. वैद्यकात पहिल्या आणि शेवटच्या नावासाठी मारामारी असते. इतिहासात माणूस ओळखला जातो तो पुस्तकाने. पण कोष्टकात सगळ्यांचे ‘पेपर’. मग ज्या विषयात चांगली जर्नल्स मोजकी, सावकाश आणि फक्त छापील, तिथेच हे लोक गळ टाकून बसतात. आपल्या लोअर परळचं ईपीडब्ल्यू (इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली) लेखकाकडून एक रुपयाही घेत नाही, पण तिथे महिनोन्‌महिने वाट पाहायची तयारी लागते. माझ्याकडे महिने नव्हते.

पैसे गेले ते एका माणसाच्या बचत खात्यात, संस्थेच्या नाही. यूपीआयवर पिन टाकण्याआधी नाव दिसतं, ते वाचा. पावतीवरचा जीएसटी क्रमांक १४ अक्षरांचा होता. खरा १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो आणि जीएसटीच्या पोर्टलवर अर्ध्या मिनिटात तपासता येतो. पाचशे रुपयांचा डीओआय उघडलाच नाही, कारण तो कुठे नोंदवलेलाच नव्हता.

बिंग सप्टेंबरमध्ये फुटलं, तेही माझ्या हुशारीने नाही. ग्रंथपाल मॅडमनी जुन्या छापील अंकाच्या मलपृष्ठावरचा नंबर शोधून फोन लावला. विदर्भातल्या गावाहून वयस्कर संपादक म्हणाले, “आमचा यंदाचा पहिला अंक अजून छापायलाच गेला नाही. या महिन्यातले तुम्ही अकरावे.”

मी क्लोनवाल्यांना पेपर काढून टाका म्हणून लिहिलं. उत्तर आलं: ‘विड्रॉवल चार्ज ९,०००.’ दिले नाहीत; तुम्हीही देऊ नका, दिले तरी पेपर हटत नाही. पण कॉपीराइट फॉर्मवर मी सही करून बसलो होतो. आता तोच निबंध दुसरीकडे पाठवायला गेलो तर साहित्यचौर्य तपासणारं सॉफ्टवेअर ९४ टक्के साम्य दाखवतं, माझ्याच लिखाणाशी.

आणि दाद मागायला गेलो तर काय? पोलीस ठाण्यात दोन तास बसवलं. “पेपर छापून आला ना सर? मग फसवणूक कसली?” आयएसएसएन म्हणजे काय हे तिसऱ्यांदा समजावताना समोरचा हवालदार पासपोर्टचा अर्ज भरत होता. शेवटी सायबरकडे जा म्हणाले. सायबरवाले म्हणाले, रक्कम लहान आहे, ऑनलाइन नोंदवा. नोंदवली, नऊ आठवड्यांनी ‘तक्रार बंद’ असा मेसेज, कारण कुठेच नाही. बँकेने सांगितलं, पिन तुम्हीच टाकलात. कॉलेजच्या आयक्यूएसीने, म्हणजे अंतर्गत गुणवत्ता कक्षाने, पेपर नाकारला, ते बरोबरच केलं, पण त्याच क्लोनमधले आणखी दोघांचे पेपर आधीच ज्यांनी पास केले त्यांनीच मला ‘काळजी घ्यायला हवी होती’ हे ऐकवलं. वरच्या कार्यालयाला तीन पत्रं पाठवली. एकाचं उत्तर आलं: विषय आमच्या कक्षेत येत नाही. कक्षा कुणाची, ते लिहायला शाई संपली असावी. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये केअर यादीच बंद झाली. आता जर्नल पारखायचं काम संस्थांनी करायचं, म्हणजे ज्यांनी त्या दोघांचे पेपर पास केले त्यांनी.

पैसे गेल्याचं काही तासांत कळलं तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, तेव्हाच रक्कम अडवली जाण्याची आशा असते. तीन महिन्यांनी गेलात तर माझ्यासारखे बाकडं गरम कराल. मूळ संपादकांकडून ‘हा लेख आमच्या अंकात नाही’ असं लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह घ्या. माझ्या उपयोगी पडला तो तेवढाच कागद. स्कोपस म्हणून कुणी विकत असेल तर स्कोपसच्या स्रोतसूचीत लॉगिन न करता नाव शोधा आणि पुढची वर्षं वाचा; समावेश थांबवलेला असला तर तिथेच लिहिलेलं असतं. रिट्रॅक्शन वॉच या संशोधनातल्या गैरप्रकारांवर नजर ठेवणाऱ्या संकेतस्थळाची अपहृत, म्हणजे क्लोन झालेल्या, जर्नल्सची यादीही पाहा, मात्र तिथे नाव नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, आमचं नव्हतं. आणि वेबसाइटवरचा नंबर सोडून छापील अंकावरच्या नंबरला फोन करा.

एका संपादित ग्रंथाचे संपादक ते पत्र पाहून चाळींवरचा निबंध प्रकरण म्हणून घ्यायला तयार आहेत, अट एवढीच की निम्मा तरी नव्याने लिहायचा. संपादित ग्रंथातल्या प्रकरणाला पाच गुण. या शनिवारपासून पुन्हा अभिलेखागारात जायला लागलो आहे.