डागाळलेल्या कर्नलसोबत आठ महिने

लॅपटॉपचे वायफाय कार्ड बिघडल्यावर मी यूएसबी अडॅप्टर घेतला. त्याचा ड्रायव्हर लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, नसल्याने तो डीकेएमएसमार्फत (प्रत्येक कर्नलसाठी ड्रायव्हर आपोआप बांधणारे साधन) मॉड्यूल, म्हणजे कर्नलला जोडता येणारा तुकडा, बांधून चालवावा लागतो. वेगाबद्दल माझी तक्रार नाही. लिहिण्यासारखे आहे ते लॉगमधल्या, म्हणजे कर्नलच्या नोंदींतल्या, इशाऱ्यांविषयी.

मॉड्यूल चढताच कर्नल दोन ओळी छापत असे: हे मॉड्यूल मुख्य स्रोताबाहेरचे आहे आणि त्याची सही पडताळता आलेली नाही, म्हणून कर्नल 'टेंटेड', अर्थात डागाळलेला आहे, म्हणजे त्यात बाहेरचे काही मिसळल्याची खूण आहे. हे डाग आकड्यात नोंदवणाऱ्या टेंटच्या फाइलमध्ये १२२८८ हा आकडा दिसला तेव्हा मी घाबरलो होतो. प्रत्यक्षात ती स्रोताबाहेरच्या मॉड्यूलचे ४०९६ आणि सही नसल्याचे ८१९२ यांची साधी बेरीज आहे. पुढे सिक्युअर बूट (फक्त सही असलेले सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालू केल्यावर कर्नलने मॉड्यूल घेण्यासच नकार दिला, तेव्हा स्वतःची की (डिजिटल किल्ली) नोंदवून तिने मॉड्यूलवर सही केली आणि आकडा ४०९६ वर आला. हे इशारे दर बूटला एकदाच येतात, त्यामुळे त्यांचा त्रास असा नाही.

खरा त्रास ड्रायव्हरच्या स्वतःच्या इशाऱ्यांचा होता. सिग्नल क्षीण झाला की टाकून दिलेल्या प्रत्येक पॅकेटमागे तो एक ओळ छापत असे. कर्नलचा लॉग बफर ठरावीक आकाराचा आणि चक्राकार असल्याने या ओळी जुन्या नोंदी पुसत जातात. एकदा डिस्कची त्रुटी शोधायला डीमेसेज (हा लॉग दाखवणारी आज्ञा) उघडले, तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत वायफायच होते. शेवटी स्रोतातला तो इशारा मी दरमर्यादा असलेल्या प्रकारात बदलला, ज्यात पाच सेकंदांत जास्तीत जास्त दहा ओळी छापल्या जातात आणि किती दाबल्या त्याची संख्या नंतर मिळते. इशारा साफ काढून टाकण्यापेक्षा हे बरे, कारण ती संख्याच सिग्नलची अवस्था सांगते. मात्र ड्रायव्हरची नवी आवृत्ती बसवताच माझा बदल नाहीसा झाला. आता तो पॅच (स्रोतावर आपोआप लावायचा बदल) म्हणून डीकेएमएसच्या कॉन्फिग फाइलमध्ये नोंदवला आहे.

डागाची अडचण एकदाच आली. लॅपटॉप झोपेतून उठत नव्हता, आणि ही त्रुटी कळवण्याआधी ती निर्डाग कर्नलवर घडते का हे पाहणे आवश्यक होते. मॉड्यूल उतरवून भागले नाही, कारण डाग रीस्टार्टपर्यंत राहतो. ते न चढवता पुन्हा बूट केले, आकडा शून्य दिसला, आणि लॅपटॉप तरीही उठला नाही. अडॅप्टर निर्दोष होता.