जळगावात रायफलच्या स्टॉकचं (दस्त्याचं) फिटिंग करून घेतलं, काम भारी पण नियमांची बोंब

पोरीच्या एअर रायफलला चीकपीस (गाल टेकवायचा भाग) आणि बटप्लेट (खांद्याला टेकणारी पट्टी) बसवून घेतली, काम एकदम सुबक, चीकपीस वर-खाली मस्त सरकतो, मजुरी पण वाजवी. पण भो, दुकानदार अंगठ्याला आरपार भोक असलेला स्टॉक गळ्यात मारत होता, म्हणे ग्रिप जबरी बसते. बसत असेल ना, पण १० मीटर एअर रायफलला आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी संघटनेच्या) नियमात थंबहोल, म्हणजे हे अंगठ्याचं भोक, चालतच नाही, पामरेस्ट (तळहाताचा टेकू) पण नाही, ते ५० मीटरवाल्यांचं. आणि साईटसकट (नेम धरायच्या भागासकट) रायफलचं वजन ५.५ किलोच्या आत लागतं, तर यांच्याकडे वजनकाटाच नाही!! केळीच्या जिल्ह्यात काटा नाही, कमाल आहे. शेवटी शेजारच्या किराणावाल्याकडे मोजली. फिटिंगला बिनधास्त जा, सल्ला घेऊ नका.