काउन्सेलिंग सेंटरचा रिव्ह्यू: बायकोसाठी गेलो, शाळा माझीच घेतली

डोंबिवली ईस्टचं सेंटर आहे, नाव टाकत नाही कारण खाली थोडी तक्रारपण आहे. आठ सेशन झाली, रेटिंग पाचपैकी चार.

बॅकग्राउंड सांगतो. बायकोला पॅनिक डिसऑर्डर आहे, म्हणजे अचानक प्रचंड भीतीचे अ‍ॅटॅक येतात. पहिला अ‍ॅटॅक ऐन गर्दीच्या लोकलमध्ये आला, छातीत धडधड, हाताला मुंग्या, आता मी मरते म्हणून घाम फुटलेला. कॅज्युअल्टीत नेलं, ईसीजी नॉर्मल, तिथले डॉक्टर म्हणाले गॅस असेल, आणि आम्ही पुढे चार महिने गॅसच्याच गोळ्या खाल्ल्या 😐 नंतर सायकियाट्रिस्टकडे गेलो. त्यांनी गोळी चालू करताना आधीच सांगितलं होतं की फरक पडायला दोन ते सहा आठवडे लागतात, सुरुवातीला उलट जास्त अस्वस्थ वाटू शकतं, मनानेच बंद करायची नाही. थेरपीसाठी या सेंटरला पाठवलंही त्यांनीच.

मला वाटलं तिचे सेशन्स, मी आपला बाहेर मोबाईल बघत बसेन. दुसऱ्याच वेळी काउन्सेलर मॅडमनी मला आत बोलावलं आणि विचारलं, ती घाबरली की तुम्ही काय करता? मी अगदी अभिमानाने सांगितलं की मी धीर देतो, काही होणार नाही म्हणतो, ऑफिसातून दिवसाला दहा-बारा फोन घेतो, एकटीला लोकलने जाऊच देत नाही. मॅडम म्हणाल्या, मग तिला कळणार कधी की तुम्ही नसतानाही अ‍ॅटॅक येऊन आपोआप उतरतो? मला आधी रागच आला, इतकं करतोय त्याचं हे फळ. पण घरी येऊन विचार केला तर खरंच होतं, माझं "काही होणार नाही" दहा मिनिटंसुद्धा टिकायचं नाही, परत फोन. घाबरली तर आधाराला म्हणून तिच्या पर्समध्ये इलेक्ट्रॉलची पाकिटं, लवंगांची डबी, पाण्याच्या दोन बाटल्या, तसाच मी पण एक आधार, असं म्हणा.

मग लोकलच्या भीतीसाठी शिडी बनवली, म्हणजे सोप्याकडून अवघडाकडे एकेक पायरी जायचं. पहिला आठवडा नुसतं प्लॅटफॉर्मवर उभं राहायचं, गाडी सोडून द्यायची. मग दुपारची स्लो पकडून कोपर, एकच स्टेशन. मग दिवा. कळवा-ठाण्याच्या मध्ये एकदा गाडी थांबली तेव्हा तिने माझं मनगट असं धरलं की नखं उठली. मला "काही नाही होणार" तोंडावर आलेलं गिळून मॅडमनी शिकवलेलं बोलायचं होतं, "त्रास होतोय दिसतंय मला, मी इथेच आहे." बस्स. श्वास हळू सोड वगैरे लेक्चर नाही. पंधराएक मिनिटांत उतरलं, मला मात्र दोन तास लागले असं वाटलं. पुढची पायरी म्हणजे ती लेडीज डब्यात, मी शेजारच्या जनरलमध्ये, फोन बंद. यात जास्त वाट माझी लागली खरं तर 😅

आता तक्रारी. वेटिंग रूम म्हणजे पॅसेजच आहे, त्यात टीव्हीवर न्यूज चॅनल फुल आवाजात, अँक्झायटीवाल्यांसाठी ब्रेकिंग न्यूज, काय डोकं आहे! रिसेप्शनवरची ताई आडनावासकट जोरात हाक मारते, समोर आमच्याच सोसायटीतले काका बसले होते एकदा. आणि त्याच दिवशी कॅन्सल केलं तर पूर्ण फी कापतात, बाराशे. अहो, घरातून बाहेर पडता येत नाही म्हणूनच तर येतोय ना तुमच्याकडे? बोललो त्यावर, तर मॅडमनी त्या दिवशीचं फोनवर करून दिलं, पण नियम तोच आहे.

मध्ये रात्री अडीचला फार झालं तेव्हा १४४१६ लावला होता, सरकारची टेलीमानस हेल्पलाइन, फुकट आणि चोवीस तास, मराठीत बोलतात. नंबर सेव्ह करून ठेवा.

परवा ठाण्याला एकटी गेली. मी ऑफिसात मोबाईल उलटा ठेवून बसलो होतो, सव्वा तास फोन नाही, शेवटी मीच लावला. "काय रे, सेशनला तू जायला हवंस," म्हणाली आणि ठेवला.

पार्किंग नाही, रिक्षाने जा. दुसरा मजला, लिफ्ट बंद असते.