अंकल टॉम्स केबिन: प्रिंट बारीक, पण मिसेस बर्डसाठी घ्याच

पेपरबॅक मागवलं, प्रिंट फारच बारीक आणि बाइंडिंग दोन आठवड्यांत सुटलं, म्हणून एक स्टार कमी. पण हॅरिएट बीचर स्टोवचं हे अमेरिकेतल्या गुलामगिरीवरचं १८५२ चं पुस्तक वाचाच, खास करून नववं प्रकरण. नवरा ओहायोचा सिनेटर, पळालेल्या गुलामांना मदत करू नये असा कायदा पास करून घरी आलेला, आणि एरवी अगदी मवाळ असलेली मिसेस बर्ड त्याला तोंडावर सांगते की संधी मिळाली की मी हा कायदा मोडणार. त्याच रात्री नदीच्या बर्फावरून पोराला घेऊन पळालेली गुलाम एलायझा त्यांच्या घरात! मग मिसेस बर्ड आपल्या गेलेल्या बाळाचा ड्रॉवर उघडते ना, छोटे कोट, टोकाला झिजलेले इवलेसे बूट, खेळण्यातला घोडा... मला पुढे वाचवेचना. तेच कपडे ती एलायझाच्या मुलासाठी बांधून देते, आणि सिनेटर स्वतः रात्री गाडीतून त्यांना पोचवायला निघतो.