पाणी घसरलं म्हणजे जॅकेट वॉटरप्रूफ ठरत नाही

डिसेंबर-जानेवारीत उत्तराखंड-हिमाचलात बर्फातल्या ट्रेकला निघालेल्या मुंबईकरांसाठी हे लिहिते आहे. फोर्टमधल्या एका दुकानदाराने मला आणि माझ्या पुतणीला कोटिंग मारलेली साधी विंडचिटरं ‘तीन लेअरचं ओरिजिनल शेल जॅकेट’ म्हणून विकली. शेल म्हणजे सगळ्या कपड्यांवरून घालायचं, वारा-पाणी अडवणारं जॅकेट. एकेकाला 4,500 रुपये. पैसे गेल्याचं दुःख आहेच, पण उत्तराखंडातल्या केदारकंठाच्या चढावर भल्या पहाटे काळोखात पुतणीचे दात वाजायला लागले तेव्हा जो संताप झाला, तो पैशांसाठी नव्हता. शून्याखालच्या थंडीत अंग ओलं राहणं म्हणजे जिवाशी खेळ. आणि आम्ही कुठे, कोणत्या महिन्यात चाललोय, हे त्या माणसाने आधी विचारून घेतलं होतं.

दुकानदार मराठी, बोलायला गोड. ‘ताई, शोरूममध्ये हाच पीस तुम्हाला पंचवीस हजारांना पडेल. हा एक्स्पोर्ट सरप्लसचा माल, म्हणून या भावात देतोय. आपल्या माणसाला फसवून मी कुठे जाणार?’ जॅकेटला लटकवलेल्या टॅगवर एका जगप्रसिद्ध मेंब्रेनचं (पाणी अडवणाऱ्या, पण घामाची वाफ सोडणाऱ्या पातळ थराचं) नाव आणि खाली 20,000 एमएम हा आकडा. मग त्याने बाही ताणून धरली आणि बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं. थेंब गोल होऊन घरंगळले, कापड कोरडं. ‘बघा, एक थेंब आत गेला का?’

अशा दुकानांमध्ये हाच प्रयोग दाखवला जातो, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर सांगते. पाणी घरंगळतं ते कापडाच्या वरच्या बाजूला मारलेल्या पाणी झटकणाऱ्या लेपामुळे. त्याला डीडब्ल्यूआर म्हणतात. हा लेप छत्रीच्या कापडावरही असतो आणि अगदी स्वस्तातल्या विंडचिटरवरही. नव्या कोऱ्या कापडावर तो छान काम करतो, घासून-मळून झिजतो, आणि खऱ्या शेलवरही तो वेळोवेळी पुन्हा मारावा लागतो. पाणी अडवायचं खरं काम त्याच्या आतलं मेंब्रेन करतं. टॅगवरचा एमएमचा आकडा त्या आतल्या थराचा असतो: 20,000 एमएम म्हणजे कापडावर 20 मीटर उंच पाण्याचा स्तंभ उभा केला तर जेवढा दाब पडेल, तेवढा ते सोसतं. बाटलीतून ओतलेल्या धारेत असा दाब कुठून येणार? खरा दाब पडतो सॅकच्या पट्ट्यांखाली खांद्यावर, बर्फात टेकलेल्या कोपरावर, ओल्या दगडावर बसल्यावर. दुकानातल्या त्या प्रयोगात फक्त लेप दिसला. जॅकेट काय चीज आहे ते दिसलंच नाही.

आणि आकड्याचं म्हणाल, तर टॅग कुणीही छापू शकतं.

दुसरी गोष्ट वाफेची. मुंबईकराला ही सहजासहजी जाणवत नाही, कारण आपला पाऊस उबदार असतो. जुलैत राजमाचीला किंवा कळसूबाईला भिजलो तर चालत राहतो, खाली येऊन चहा घेतो, विषय संपतो. रेनकोटच्या आत घाम साचला तरी तिथे कुणाचं बिघडत नाही. बर्फात मात्र चढताना आलेला घाम बाहेर पडलाच पाहिजे, नाहीतर थांबल्याबरोबर तोच गारठवतो. चांगल्या मेंब्रेनची सगळी किंमत याचसाठी असते. 1969 साली अमेरिकी संशोधक बॉब गोर यांनी पीटीएफई (टेफ्लॉन ज्याचं असतं तेच प्लास्टिक) झटक्याने ताणून जे सच्छिद्र पटल मिळवलं, त्यातली छिद्रं पाण्याच्या थेंबापेक्षा हजारो पटींनी लहान आहेत, पण वाफेच्या रेणूला सहज वाट देतात. आम्हाला विकलेल्या नायलॉनला आतून नुसतं चकचकीत कोटिंग होतं. पाणी ते थोडा वेळ अडवतं आणि वाफही अडवतं.

केदारकंठा सुमारे साडेबारा हजार फूट. शिखराकडे रात्री अडीच-तीनच्या सुमारास निघतात. त्या रात्री बारीक बर्फ पडत होता, म्हणून जॅकेटं अंगावर चढवली. पहिल्या मोठ्या चढानंतर थांबलो आणि पुतणी थरथरायला लागली. आमचा गाइड सांकरी गावचा, वयाने लहानच, पण त्याने एक क्षण घालवला नाही. तिच्या जॅकेटची चेन उघडून आत हात फिरवला आणि हात ओला बाहेर आला. आतल्या अस्तरावर घामाचे थेंब साचले होते आणि खालचं डाउनचं पफर, म्हणजे मऊ पिसं भरलेलं फुगीर जॅकेट, खांद्यांवर ओलं होऊन चपटं पडलं होतं. खांद्यांवर तर दोन्ही बाजूंनी पाणी: आतून घाम, बाहेरून सॅकच्या पट्ट्यांखाली वितळलेला बर्फ शिवणीतून झिरपलेला. डाउन भिजलं की त्याची पिसं गोळा होतात आणि ऊब संपते. त्याने स्वतःच्या सॅकमधलं कोरडं फ्लीस तिला घालायला दिलं, वरून फॉइलचं ब्लँकेट गुंडाळलं आणि सोबतच्या मुलाबरोबर आम्हा दोघींना खाली पाठवलं. त्या गाइड पोराचे उपकार मी विसरणार नाही.

नंतर तंबूत गाइडने टॉर्चच्या उजेडात जॅकेट उलटं करून दाखवलं. जे मला दुकानात कुणी दाखवलं नव्हतं, ते इथे नीट बघा. शिवणीत सुई जिथे जिथे जाते तिथे भोक पडतं, म्हणून खऱ्या शेलमध्ये प्रत्येक शिवणीवर आतून टेप गरम करून चिकटवलेली असते: खांदे, बाह्या, काखा, कुशी, टोपी, खिसे, चेनच्या कडासुद्धा. आमच्या जॅकेटात टेप होती ती फक्त टोपीला आणि खांद्याच्या वरच्या शिवणीला, म्हणजे चेन उघडून डोकावलं की नजर पडते तेवढ्याच जागी. काखेत आणि कुशीला पांढरी रिबन शिवलेली होती, टेपसारखी दिसावी म्हणून. नखाने उचलली तर सुटून आली, खाली उघडी शिवण. हे निष्काळजीपणाने होत नाही. कुणीतरी बसून, विचार करून ते केलेलं आहे.

मापातही फसवलं होतं, आणि तेही तितकंच घातक. पुतणीला दुकानात जॅकेट छातीवर तंग वाटलं. तिने मोठं मागितलं, तर दुकानदार म्हणाला, ‘शेल अंगासरशीच घ्यायचं असतं बाळा, सैल घेतलंस तर वारा शिरेल. आणि हे एल आहेच की.’ कॉलरच्या आत खरंच एलचं लेबल होतं. तंबूत पाहिलं तर त्या लेबलच्या कडेला जुन्या शिवणीची भोकं होती. आधीचं लेबल काढून नवं शिवलं होतं. त्याच्याकडे लहान मापांचाच लॉट आला असणार. घरी दोन्ही जॅकेटं टेपने मोजली तेव्हा माझं आणि तिचं माप एकच निघालं. माझ्यावर लेबल एमचं, तिच्यावर एलचं.

शेल तंग असेल तर ते खालच्या पफरला दाबतं. पफरची ऊब त्याच्या फुगीरपणात असते, त्यात अडकलेल्या हवेत. ते दबलं की कितीही महाग डाउन असो, उपयोग अर्धा होतो. म्हणून शेल हा एकच कपडा असा आहे की जो आतले सगळे थर घालूनच चढवून बघायचा. ऑक्टोबरच्या उकाड्यात पिशवीतून थर्मल, फ्लीस आणि पफर घेऊन दुकानात जायला जिवावर येतं, ट्रायल रूममध्ये घामाच्या धारा लागतात, तरीही न्या. सगळं चढवा, वरून शेल घाला, चेन हनुवटीपर्यंत लावा. दोन्ही हात डोक्यावर न्या: खालची कड कमरेच्या वर सरकता कामा नये, बाह्या मनगटाच्या हाडामागे जाता कामा नयेत. स्वतःला मिठी मारून बघा, पाठीत ओढ बसते का. लोकरी टोपीवरून हूड ओढून मान दोन्हीकडे वळवा. हूड डोक्याबरोबर वळला पाहिजे, नाहीतर डोळ्यांवर येतो. शक्य असेल तर सॅकही पाठीला लावा, कारण कमरपट्ट्याखाली जाणारे खिसे ट्रेकवर बिनकामाचे ठरतात.

अति मोठंही नको. आतली मोकळी जागा अंगाला गरम करावी लागते, कापड वाऱ्याने फडफडतं आणि वाफ बाहेर पडायला वेळ लागतो. मी आता लेबल बघतच नाही. जॅकेट सपाट पसरून एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजते आणि दुप्पट करते. आतले कपडे घालून घेतलेल्या छातीच्या मापापेक्षा ते तीन-चार इंच जास्त असलं तर बरोबर. बायकांनी नितंबांवरचं मापही घ्यावं. ‘युनिसेक्स’ म्हणून पुरुषी कटाचे पीस आपल्या गळ्यात मारतात, ते छातीला बसतात आणि खाली चेन लागत नाही. आणखी एक, परदेशी कंपन्यांचं आशियाई माप आणि अमेरिकी माप एक नसतं. तिकडचं एम बहुधा आपल्याकडच्या एलजवळ जातं.

एक मात्र नीट समजून घ्या. चढताना पफर घालायचंच नसतं, थर्मल, फ्लीस आणि वारा-बर्फ असेल तर शेल, एवढंच. काखेत चेन असेल तर ती उघडी ठेवायची. पफर थांब्यावर. त्या रात्री आम्ही ते घातलं होतं, कारण चढ सुरू होण्याआधी थांबून थांबून सगळे गारठले होते, आणि गाइडनेही तोवर घाला म्हणून सांगितलं होतं. खऱ्या शेलमध्येही घाम पूर्ण निघून जात नाही. पण खांदे असे भिजले नसते.

मुंबईत परतल्यावर दुकान गाठलं. गोडवा गेला होता. बिलाच्या मागे छापलेलं दाखवलं: ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ बिलावर लिहिलेलं काय, तर ‘जॅकेट, 2 नग’. ना ब्रँड, ना मेंब्रेन, ना माप. ‘मी ओरिजिनल कुठे म्हटलं? बिलात दाखवा.’ यूपीआयचे पैसेही दुकानाच्या नावावर गेलेले नव्हते, कुणा व्यक्तीच्या खात्यावर होते. आम्हाला वाचवलं ते पुतणीच्या व्हॉट्सॲपने. खरेदीच्या आदल्या दिवशी तिने त्याच्याकडून फोटो मागवले होते, आणि त्याखाली त्यानेच लिहिलं होतं, ‘100% ओरिजिनल, 3 लेअर, फुल टेप’.

बिलामागच्या त्या वाक्याला घाबरू नका. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्पष्ट आहे: सदोष माल बिलातल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर 30 दिवसांत परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणं हीसुद्धा. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार नोंदवली. मेसेजचे स्क्रीनशॉट, बिल, शिवणींचे आणि दोन्ही लेबलांचे फोटो जोडले. त्यानंतर दुकानदाराचा फोन आला आणि एका जॅकेटचे पैसे परत मिळाले. दुसऱ्याच्या बदल्यात तो ‘दुसरा पीस’ देऊ करतोय. तो मी घेणार नाही. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्याची तयारी चालू आहे. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, दोन वर्षांच्या आत करायची असते, आणि पाच लाखांपर्यंतच्या मालासाठी शुल्क लागत नाही. तोवर दुसरं जॅकेट जपून ठेवलं आहे, पुरावा म्हणून. कुणी ‘पावसाळ्यात वापरायला दे’ म्हणालं तरी देत नाही.

ज्यांना या हंगामात घ्यायचंच आहे त्यांनी दुकानात आधी जॅकेट पूर्ण उलटं करून मागावं. जो दुकानदार काखेची शिवण दाखवायला कुरकुर करतो, त्याच्याकडून उठून या. टॅगवर उत्पादक किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी आणि तक्रारीसाठी फोन-ईमेल असायला हवा. नुसतं ब्रँडचं नाव पुरत नाही. घरी आणल्यावर, परत करायची मुदत असतानाच, खांद्याचा भाग टिश्यू पेपरवर पसरा, वर पाणी ठेवून तळहाताने जोर लावून दाबा आणि थोडा वेळ थांबून पेपर बघा. शिवणीवरही तसंच करा. वाफेसाठी उकळत्या पाण्याच्या पेल्यावर कापड ताणून धरा आणि वर काचेची बशी आडवी धरा. वाफ पलीकडे जात असेल तर काच धुरकट होते.

आणि बिलावर हे लिहून घ्या: कंपनीचं नाव, मॉडेल, माप, ‘वॉटरप्रूफ, सर्व शिवणी टेप केलेल्या’. पैसे दुकानाच्या नावाच्या खात्यातच पाठवा.