पाच लिटरचं ओकचं पिंप आणि परभणीचा उन्हाळा

हे पिंप घरी केलेली बिअर मुरवायला म्हणून विकतात. खोक्यावर चित्रसुद्धा फेसाळ ग्लासाचं. आपल्याकडे घरी बिअर काढायला कायद्याने मनाई आहे, पण ती नसती तरी परभणीत हा उद्योग जमला नसता. इंग्लंडात पिंपातली एल (बिअरचा एक प्रकार) तळघरात 11 ते 13 अंशांना ठेवतात. आमच्याकडे मे महिन्यात एवढा गारवा फक्त फ्रीजमध्ये. शिवाय पिंप जितकं लहान, तितकं आतल्या पेयाला लाकूड जास्त भिडतं. 200 लिटरच्या पिंपाशी ताडून पाहिलं, तर या पाच लिटरच्या पिंपात दर लिटरमागे लाकडाचा स्पर्श साडेतीन पटींच्या आसपास येतो. लाकडाची चव भराभर उतरते आणि हवाही तेवढीच जास्त शिरते. बिअर त्या हवेने आंबट होऊन वाया जाते. मला आंबटच हवं होतं! मी उसाचा सिरका करते आणि दिवाळीत घेतल्यापासून हे पिंप त्याच कामाला जुंपलंय.

नवं पिंप गळणारच, त्याला घाबरू नका. आत लेप नाही, डिंक नाही, फळ्या नुसत्या लोखंडी पट्ट्यांनी आवळलेल्या. बैलगाडीच्या चाकाची धाव उन्हाळ्यात ढिली पडली की गाडी ओढ्यात उभी करतात ना, तसंच हे. लाकूड पाणी पितं, फुगतं, फटी मिटतात. गरम पाणी भरलं तेव्हा खाली परात ठेवावी लागली. आत्याबाई बघून म्हणाल्या, "अगं, यात पाणी राहीना, सिरका काय राहणार?" हळूहळू राहिलं. बुडाच्या कडेचा एक बारीक पाझर तेवढा मधमाशीच्या मेणाने बुजवला.

तोटी मात्र अगदीच टाकाऊ. हलक्या लाकडाची, सतत टपकणारी. विक्रेत्याने बदलून दिली, ती तिचीच बहीण. पितळी तोटी बसवायचा मोह होईल, पण सिरका पितळातलं तांबं खातो आणि ते आपल्या पोटात जातं. मी स्टेनलेस स्टीलची बसवून घेतली. त्या टपकण्याने खालच्या पट्टीलगत काळे डाग पडले ते पडलेच. ओकमधलं टॅनिन आणि लोखंड एकत्र आलं की काळा रंग धरतो, जुन्या काळची शाई याच रसायनाने करत. दिसायला वाईट, बाकी काही बिघडत नाही.

रस रसवंतीवरूनच आणते, आलं-लिंबू-बर्फ न घालता. 86032 या वाणाचा ऊस असला तर उत्तम. चिनी मातीच्या बरणीत जुन्या सिरक्याचं विरजण लावते आणि चांगला आंबट झाला की पिंपात ओतते. पिंप पाऊणच भरायचं. बुचाऐवजी भोकावर दुहेरी मलमल बांधायची, कारण सिरक्याच्या जिवाणूंना हवा लागते. फ्रान्समधल्या ऑर्लेआँची जुनी पद्धत अशीच अर्धवट भरलेल्या पिंपांची आहे. मलमल एकेरी ठेवलीत तर चिलटं आत गेलीच म्हणून समजा.

पहिला घाणा निम्म्या लोकांना आवडला नाही. नुसतं लाकूड आणि व्हॅनिलाचा वास. आतून जाळलेल्या लाकडाचे काळे कण आले ते वेगळेच. हुरड्याला आलेल्या पाहुण्यांनी सिरक्यातला कांदा सोडून साधा कांदा मागून घेतला. नवं पिंप असंच वागतं, म्हणून पहिला घाणा लवकर काढा. संक्रांतीनंतरचा दुसरा घाणा मात्र असा उतरला की धपाट्यांबरोबर वाटीत घेऊन बोट बुडवून खाल्ला. बरणीतल्या सिरक्याचा नाकात चढणारा झोंबरेपणा गेला, मागे उसाची गोडसर चव राहिली.

खरी परीक्षा उन्हाळ्यात झाली. या जिवाणूंना 25 ते 30 अंश मानवतात, चाळिशीपुढे ते मरगळतात. म्हणून पिंप स्लॅबच्या खोलीतून उचलून जुन्या माळवदाच्या खोलीत, रांजणाशेजारी नेलं. तरी कोरड्या हवेने वरच्या फळ्या सुकल्या आणि पट्ट्या सरकू लागल्या. त्यावर उपाय म्हणजे अंगावर ओलं गोणपाट आणि पट्ट्या अधूनमधून हलक्या हाताने ठोकून घट्ट करणं. पातळी बरीच खाली गेली, पण उरलेला सिरका दाट लागतो. इटलीत मोडेनाचा पारंपरिक बाल्सामिक सिरका छपराखालच्या माळ्यावर मुद्दाम अशाच उन्हाळ्यात आटवतात, तेही किमान 12 वर्षं. आपल्याला ऊन फुकट मिळतं, तर वापरायला काय हरकत?

एक गोष्ट मात्र अंदाजावर सोडू नका. आंबवलेल्या सिरक्यात अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे किमान 3.75 टक्के ॲसिटिक आम्ल लागतं. लिटमस पट्टीने ते कळत नाही, टायट्रेशन, म्हणजे प्रयोगशाळेत करतात तसं आम्लाचं मोजमाप, करावं लागतं. भाच्याने करून दिलं, त्यात चार टक्क्यांच्या थोडं वर निघालं. तरीही वर्षभराच्या लोणच्यात मी हा घालत नाही, कारण प्रत्येक घाण्याचा आंबटपणा वेगळा. कांदा, काकडीची कोशिंबीर, ठेचा यांना मात्र हाच.

उसाचा हंगाम संपला की पिंप रिकामं करून ठेवू नका. वाळलं की फळ्या पुन्हा उघडतात आणि आत बुरशी धरते. मी तळाशी लिटरभर जुना सिरका ठेवते आणि गोणपाट ओलं करताना पिंप थोडं फिरवते, म्हणजे सगळ्या फळ्यांना ओल मिळते.