इतवारीतला टार्टचा साचा, १८० रुपयांत काम झालं

इतवारी बाजारातून ८ इंची टार्टचा (मैद्याच्या कवचात सारण भरून भाजतात तो) साचा आणला, तळ सुटा निघतो तो. २०० ग्रॅम मैद्यात १०० ग्रॅम थंडगार बटर चोळलं, आता नागपूरच्या मे महिन्यात बटर थंड राहते का बाप्पा, दोनदा फ्रिजमधे ठेवावं लागलं. मग पीठ साच्यात बसवून, त्यावर बटर पेपर अन् वजनाला कोरडा राजमा पसरून नुसतं कवच १५ मिनिटं भाजलं म्हणून तळ गिच्च नाही झाला, वरून परतलेला पालक-कांदा अन् दुधात फेटलेली दोन अंडी घालून पुन्हा भाजलं. टार्ट साच्यातून अख्खा निघाला, कडा मस्त कुरकुरीत! आई म्हणे हे तर महागाचं थालीपीठ, पण दोन तुकडे खाल्ले तिनं. फक्त तळाच्या फटीतून बटर गळते, ओव्हनभर धूर झाला माझ्या, खाली ट्रे ठेवाच. अन् धुतल्यावर लगेच पुसा, पत्रा गंजतो.